हळदीचा रंग आणि रक्तातले शिसे

फेब्रुवारी उजाडला की पूर्णा नदीच्या खोऱ्यात हळदीचा पाला पिवळा पडून जमिनीला टेकतो आणि काढणीची घाई सुरू होते. जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणात अडवलेले पूर्णेचे पाणी खाली सिद्धेश्वर धरणात येते आणि तिथून कालव्यांनी हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतील रानांत फिरते. या पाण्यावर उसाच्या आणि केळीच्या जोडीला हळद उभी राहिली. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबाद येथे राष्ट्रीय हळद मंडळाचे काम सुरू झाले आणि २०३० पर्यंत हळदीची निर्यात एक अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आहे.

या साऱ्या चर्चेत क्षेत्र, उतारा, भाव आणि कुरकुमीनची टक्केवारी यांवर भर असतो. हळद जमिनीतून निघाल्यानंतर पोत्यात जाईपर्यंतचे जे तीन-चार आठवडे असतात, त्यांची चर्चा मात्र शेतकऱ्याच्या अंगणाबाहेर फारशी होत नाही. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे बरेच काही याच काळात ठरते. हळद नीट वाळली नाही तर तिच्यावर बुरशी येते. वाळताना भिजली तर तिचा रंग उतरतो आणि उतरलेला रंग झाकण्याचा मोह कुणाला तरी होतो. पहिल्या चुकीतून यकृताला घातक विष तयार होऊ शकते आणि दुसऱ्यातून शिसे थेट लहान मुलांच्या ताटात येऊ शकते.

हळद शिजवतात ती कशासाठी?

ताज्या हळदीत ७० ते ८० टक्के पाणी असते. ते १० टक्क्यांच्या आसपास आणायचे असते. म्हणूनच दहा क्विंटल ओल्या हळदीची वाळून साधारण दोन ते अडीच क्विंटल हळद भरते. ओले हळकुंड तसेच उन्हात टाकले तर त्याची साल आधी सुकते, गाभ्यातले पाणी आत अडकते, हळकुंड सुरकुतते आणि वाळायला फार दिवस लागतात. शिजवल्यावर कंदातील पिष्ट फुगून एकजीव होते, पेशींची बांधणी सैल होते, रंग गाभ्यापर्यंत सारखा पसरतो, कच्चा वास जातो आणि पाणी लवकर बाहेर पडते. कंदाची उगवण्याची शक्तीही संपते.

पूर्वी हे काम काहिलीत होई. पाण्यात हळद टाकून, वर पाला किंवा गोणपाट झाकून दोन-अडीच तास जाळ लावत. काडी सहज आत गेली आणि उकळीला हळदीचा खमंग वास सुटला की हळद शिजली असे समजत. आता बहुतेक गावांत वाफेचे कुकर आले आहेत. त्यांत पाणी आणि जळण कमी लागते आणि एक घाण थोड्या वेळात निघते. हळद काढल्यापासून दोन-तीन दिवसांत शिजवावी आणि गड्डे व हळकुंडे वेगळी शिजवावीत, हा जुना नियम आजही लागू आहे. दोन्ही एकत्र टाकली तर गड्डा कच्चा राहतो किंवा हळकुंड जास्त शिजून रंग मळकट होतो.

वाफेच्या भांड्याबाबत एक खबरदारी प्रत्येक हंगामात सांगावी लागते. सुरक्षा झडप बंद पडलेले, गंजलेले किंवा गावठी जोडकाम केलेले बॉयलर हे काहिलीपेक्षा अधिक धोक्याचे असतात. वाफेने होणारा दाह वरून किरकोळ दिसला तरी खोल असू शकतो. भाजलेल्या जागेवर हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. वीस मिनिटे स्वच्छ वाहते पाणी सोडावे आणि रुग्णाला सरळ दवाखान्यात न्यावे.

ओल राहिली तर

शिजलेली हळद ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर दोन-तीन इंच जाडीच्या थरात पसरतात. दहा ते पंधरा दिवस उन्हात ठेवावी लागते, मधूनमधून हलवावी लागते आणि रात्री दवापासून झाकावी लागते. पूर्ण वाळलेले हळकुंड मोडताना कडकन तुटते. दोन हळकुंडे एकमेकांवर आपटली तर खणखणीत आवाज येतो. लवचीक वाकणारे हळकुंड अजून ओले आहे, त्याला यंत्राची गरज नाही.

ही ओल केवळ वजनाचा प्रश्न नाही. अर्धवट वाळलेल्या मालावर ॲस्परजिलस जातीच्या बुरशी वाढतात आणि त्यांतील काही अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. यकृताचा कर्करोग हा त्याचा मुख्य परिणाम आणि ज्यांच्या शरीरात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे, त्यांच्यात हा धोका कितीतरी वाढतो. बुरशी पुसून काढली, हळद पुन्हा उन्हात घातली किंवा फोडणीत टाकली तरी आधी तयार झालेले अफलाटॉक्सिन नष्ट होत नाही. ते घरगुती स्वयंपाकाच्या उष्णतेला दाद देत नाही.

भारताने याचा अनुभव घेतलेला आहे. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागांत पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने ३९७ जणांना यकृताचा आजार झाला आणि त्यांतील १०६ दगावले. मका पोटभर खाल्ला जातो, हळद चिमूटभर लागते, त्यामुळे हळदीने असा उद्रेक होणार नाही. पण हळद रोज, दोन्ही वेळा आणि आयुष्यभर खाल्ली जाते. थोडे थोडे साचणारे विष कुणाच्या लक्षात येत नाही. युरोपीय संघ हळदीत एकूण अफलाटॉक्सिन किलोमागे १० मायक्रोग्रॅमपर्यंतच चालवून घेतो, ते याच कारणाने.

रंग उतरला तर

वाळवणीच्या दिवसांतच मराठवाड्यात अवकाळी येते. मार्च २०१४ ची गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. खळ्यावर पसरलेली हळद एकदा भिजली की तिचा टवटवीत रंग जातो, साल काळपट होते आणि बाजारात बोली खाली येते. हळद डोळ्यांनी पारखली जाते. हळकुंडाची लांबी, चकाकी आणि मोडल्यावर दिसणारा गाभा पाहून भाव ठरतो. चांगल्या पण काळवंडलेल्या मालाला दंड आणि चकाकणाऱ्या मालाला बक्षीस, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचा शेवट काय होऊ शकतो, हे बांगलादेशाने दाखवले. तिथल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त का आढळते, याचा शोध अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र यांच्या अभ्यासकांनी घेतला. पेट्रोल, रंग, मातीची भांडी असे एकेक संशयित तपासत ते हळदीपाशी पोहोचले. शिशाच्या अणूंची ठेवण जुळवून पाहिली, तेव्हा स्त्रियांच्या रक्तातले शिसे हळदीतल्या शिशाशी जुळले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याहून महत्त्वाचा होता या भेसळीचा उगम. १९८० च्या दशकातल्या पुरात हळद भिजून काळवंडली होती. तिला पुन्हा पिवळी करण्यासाठी पॉलिशच्या ड्रममध्ये लेड क्रोमेट नावाची पिवळी पूड टाकायला सुरुवात झाली. पूर ओसरला, पण सवय राहिली, कारण ग्राहकाच्या डोळ्याला तोच भडक पिवळा रंग खरा वाटू लागला होता.

लेड क्रोमेट हा रंगकामात आणि प्लास्टिकमध्ये वापरला जाणारा औद्योगिक रंग आहे. त्याच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भाग शिसे असतो. भारतात हळदीत किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत शिसे चालते. म्हणजे या रंगाचा एक ग्रॅम चांगल्या हळदीच्या ६४ किलोंना मर्यादेच्या टोकाला नेतो. युरोपीय संघाने कंदवर्गीय मसाल्यांसाठी हीच मर्यादा दीड मिलिग्रॅम ठेवली आहे.

आपल्याकडचे चित्र

भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका या चार देशांतील २३ शहरांतून डिसेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात हळदीचे ३५६ नमुने घेऊन केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे १४ टक्के नमुन्यांत ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे होते. सर्वाधिक प्रमाण पाटण्याच्या एका नमुन्यात मिळाले, २,२७४ मायक्रोग्रॅम, म्हणजे भारतीय मर्यादेच्या दोनशे पटींहून जास्त. गुवाहाटी, चेन्नई, कराची आणि पेशावर येथील काही नमुनेही मर्यादेपलीकडचे होते. पॉलिश केलेल्या अख्ख्या हळकुंडांत शिसे जास्त आणि नामांकित बंद पाकिटांतील पुडीत कमी, असा सर्वसाधारण कल होता.

या आकड्यांवरून पूर्णा खोऱ्यातील शेतकऱ्याकडे बोट दाखवणे चूक ठरेल. रंग ड्रममध्ये किंवा त्याच्या पुढच्या साखळीत पडतो, मातीत नाही. पण भौगोलिक मानांकनाने कमावलेले नाव साखळीतल्या एका कडीच्या लोभाने जाऊ शकते, हेही तितकेच खरे. पीक खळ्यावर असताना पाऊस, काळवंडलेला माल आणि रंगाला मिळणारा भाव हे तिन्ही घटक मराठवाड्यातही हजर आहेत. बांगलादेशातली गोष्ट इथे घडू नये यासाठी ती आधी माहीत असणे बरे.

शिसे शरीरात काय करते?

शिशाची सुरक्षित पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. ते हाडांत साठते, तिथे वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात हाडातले कॅल्शियम वापरले जाऊ लागले की रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचते. प्रौढांत त्याने रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे खराब होतात. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होणारा परिणाम सर्वांत गंभीर असतो. मुलाची बुद्धी थोडी मंदावते, लक्ष टिकत नाही, चिडचिड वाढते. यांतले काहीच शिशाचे खास लक्षण नाही, त्यामुळे मूल 'अभ्यासात मागे' ठरते आणि विषय तिथेच संपतो.

पोटात मुरडा, बद्धकोष्ठ आणि रक्तक्षय हीसुद्धा शिशाच्या विषबाधेची लक्षणे आहेत. पण रक्तक्षय आपल्याकडे इतका सर्रास आहे की त्यामागे शिसे असेल अशी शंका सहसा येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. यात एक दुष्टचक्र आहे. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाच्या आतड्यातून शिसे अधिक शोषले जाते, म्हणजे कुपोषित मुलाला त्याच हळदीतून जास्त शिसे मिळते.

प्रमाण समजून घेण्यासाठी एक हिशेब पुरे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या आहारातील शिशासाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ही संदर्भ पातळी धरली आहे. पाटण्याच्या त्या नमुन्यासारखी हळद एखाद्या मुलाच्या पोटात दिवसाला अर्धा ग्रॅम गेली, तरी ही पातळी पाचशे पटींनी ओलांडली जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असल्याचा अंदाज मांडला होता. जुन्या बॅटऱ्या वितळवणे, रंग, काही भांडी, काही भस्मे असे त्याचे अनेक स्रोत आहेत. मसाला हा त्यांतला एक, आणि बंद करायला सर्वांत सोपा.

घरातली पोती आणि गोळ्या

वाळवणीनंतरचा आणखी एक धोका घरातच असतो. भाव वाढेल या आशेने हळदीची पोती महिनोन् महिने घरात रचून ठेवली जातात. हळदीला कीड लागते, म्हणून पोत्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकल्या जातात. हवेतल्या ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि तो हृदय व फुप्फुसे यांवर घाला घालतो. त्यावर उतारा नाही. पोत्यांच्या थप्पीशेजारी किंवा लागूनच्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाला रात्रीतून उलट्या, छातीत जडपणा आणि धाप सुरू होऊ शकते, आणि पहिला बळी बहुधा लहान मुलाचा जातो. या गोळ्यांच्या वापरावर कायद्याने बंधन आहे. प्रशिक्षित आणि परवानाधारक माणसानेच, राहत्या घरापासून दूरच्या हवाबंद गोदामात त्या वापरायच्या असतात. नीट वाळलेली हळद कोरड्या पोत्यांत, फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचली तर किडीचा त्रास मुळातच कमी होतो.

करायचे काय?

शेतकऱ्याच्या हातात खळे आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हळद पसरू नये. शेणातील जंतू वाळलेल्या मसाल्यातही तग धरतात. स्वच्छ ताडपत्री किंवा सिमेंटचा ओटा वापरावा, ढग दिसताच झाकता येईल अशी दुसरी ताडपत्री जवळ ठेवावी. यांत्रिक वाळवणी यंत्राचा वापर केल्यास हवेचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. भिजलेला, बुरशी आलेला माल चांगल्या मालात मिसळू नये, तो वेगळा काढावा. पॉलिशच्या ड्रममध्ये बाहेरची कोणतीही पूड टाकू देऊ नये. पॉलिश म्हणजे सालीवरची खवले आणि मुळ्या घासून काढणे, एवढेच. ड्रमजवळ काम करणाऱ्याने तोंडाला रुमाल न बांधता चांगला मास्क लावावा, तिथली धूळ दिवसभर फुप्फुसांत जाते.

तरीही अवकाळीचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. गावपातळीवर सामाईक वाळवणी ओटे आणि छत असलेली सौर वाळवणी यंत्रे असतील, तर पावसाने काळवंडणारा माल मुळातच कमी होईल. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. वाणांइतकेच लक्ष वाळवणीवर देण्याची जागा हीच आहे. बाजार समितीत ओलाव्याचे मोजमाप आणि शिशाची तपासणी बोलीच्या आधी झाली, तर रंगाऐवजी शुद्धतेला भाव मिळेल. शिसे ओळखणारे हातात धरायचे क्ष-किरण यंत्र काही सेकंदांत उत्तर देते.

हे स्वप्नरंजन नाही. बांगलादेशाने २०१९ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणामार्फत हेच केले. वर्तमानपत्रांतून आणि बाजारात लावलेल्या सूचनांतून लोकांना सांगितले, यंत्राने बाजारातच माल तपासला आणि भेसळ करणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांना जाहीर दंड केला. शिसे आढळणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते, ते २०२१ मध्ये शून्यावर आले. हळद गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातले शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

स्वयंपाकघरात काय करावे? उन्हाळ्यात वर्षाची हळद दळून घेणाऱ्यांनी माहितीच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची किंवा कमी पॉलिशची हळकुंडे घ्यावीत. अख्खे हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाकताच पिवळा रंग सुटू लागला, तर वरून रंग दिल्याचा संशय घ्यावा. चमचाभर पूड पाण्यात टाकल्यावर शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे होते. पाणी गडद पिवळे झाले तर ती हळद वापरू नये. या चाचण्यांनी संशय येतो, खात्री प्रयोगशाळेतच होते. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. सुटी पूड घेण्यापेक्षा अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक असलेले पाकीट बरे. दळलेली हळद कोरड्या, झाकणाच्या बरणीत ठेवावी आणि ओला चमचा आत घालू नये.

लहान मुलाला दीर्घकाळ रक्तक्षय आहे, लोहाच्या औषधाने सुधारणा होत नाही, जोडीला पोटदुखी आणि बद्धकोष्ठ आहे, अशा वेळी रक्तातील शिशाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. शिसे वाढलेले आढळले तर पहिला उपचार म्हणजे स्रोत शोधून बंद करणे. लोह आणि कॅल्शियमयुक्त आहाराने शिशाचे शोषण कमी होते. शरीरातले शिसे बाहेर काढणारी औषधे पातळी फार वाढलेली असेल तरच, रुग्णालयात देतात.

चांगली वाळलेली हळद भडक पिवळी नसते. ती थोडी नारिंगी, थोडी मातकट आणि बाहेरून खरखरीत असते. दुकानात असे हळकुंड दिसले तर ते बाजूला सारून चकाकणारे उचलण्याची सवय ग्राहकाने सोडली, तर येलदरीच्या पाण्यावर हळद पिकवणाऱ्याला अवकाळीच्या वर्षीही रंगाची धास्ती राहणार नाही.